बारा तासांची पाळी आणि साठ तासांचा आठवडा

(इचलकरंजी येथे छोटे यंत्रमागधारक व यंत्रमाग कामगार यांच्या एकत्रित सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामाचे तास कमी करावेत या विषयावर सभा घ्यायची ठरली, आणि ती कोणत्या वेळी घ्यायची यावरच संयोजकांचे दोन आठवडे गेले. सकाळी घ्यावी तर दिवसपाळीचा माणूस मागावर असतो. दुपारी घ्यावी तर रातपाळीचा झोपलेला असतो. संध्याकाळी घ्यावी तर एक पाळी सुटून दुसरी लागत असते. शेवटी सुट्टीच्या दिवसाचा हा तास-दीड तास मिळाला, आणि तोही आपण बाजार, दळण आणि गावाकडचा फोन यांतून काढून दिलेला आहे याची मला जाणीव आहे. माझे निम्मे भाषण संयोजकांच्या या अडचणीनेच करून टाकले आहे. उरलेले निम्मे मी करतो.

माझ्या वडिलांचे चार माग होते. चारही खर्चीवर. बीम व्यापाऱ्याचे, बाण्याचे सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. आमचे फक्त माग, वीजबिल आणि चिंता. आई कांड्या भरायची. वडील स्वतः दिवसपाळी चालवीत आणि रातपाळीला एक कामगार ठेवीत. मालक कोणाला म्हणावे आणि मजूर कोणाला, हे त्या घरात मला कधी नीट उमगले नाही. म्हणून आज येथे बसलेल्या छोट्या मागधारकाला मी भांडवलदार म्हणून शिव्या देणार नाही. तशी भाषणे या गावात पुष्कळ झाली आणि त्यांनी कोणाची पाळी पाच मिनिटांनीही कमी झाली नाही.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला आश्रय दिला. पुढचा इतिहास तुम्हांस पाठ आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. या सव्वाशे वर्षांत मागाचा धोटा जाऊन रॅपियर आले, एअरजेट आले. नगरपालिकेची २०२२ साली महानगरपालिका झाली. पण साध्या मागाच्या शेडमधील पाळी बारा तासांची होती, ती बारा तासांचीच राहिली. बारा तासांप्रमाणे सहा दिवस म्हणजे आठवड्याला बहात्तर तास.

आता कायद्याकडे पाहू. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांचा ठरविला. १९२२ साली आठवडा साठ तासांवर आला. १९३४ साली बारमाही कारखान्यांसाठी तो चोपन्न तासांवर आला. १९४६ साली अठ्ठेचाळीसवर आला आणि १९४८ च्या कायद्याने तेथेच कायम केला. म्हणजे आपल्या शेडमधील आठवडा १९४८ च्या कायद्यात बसत नाही, १९३४ च्या बसत नाही, १९२२ च्याही बसत नाही. तो बसतो १९११ च्या कायद्यात! येथे जाता जाता एक खुलासा करतो. दिवस चौदा तासांवरून आठ तासांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका फटक्यात आणला, असे आपण सभांतून नेहमी ऐकतो. वस्तुस्थिती अशी की व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते त्यांच्याकडे असताना जी दुरुस्ती पुढे आली, तिने आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणला. हे काम लहान नव्हते; ते मोठे दाखविण्यासाठी चौदा तासांची जोड देण्याची काहीच गरज नाही. उलट, प्रत्येक सहा तासांसाठी किती वर्षे लागली हे कळले, तर आपल्याला आपल्या कामाची लांबी कळेल.

त्याच्याही मागे जायचे तर सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे जावे लागते. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, अशा त्या मागण्या होत्या. साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. सूर्यास्ताला काम थांबावे ही तेव्हाची मागणी आज वाचताना रातपाळीवाल्याला काय वाटत असेल, हे मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, कायदा १९४८ सालापासून आहे, मग तो या गल्लीत का येत नाही? तो येतो, पण दारातून परत जातो. वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर ती कायद्याने कारखाना ठरे. शेड एकच असते, पण कागदावर चार माग पत्नीच्या नावे, चार भावाच्या, चार मुलाच्या. दहाचा आकडा कधी भरतच नाही. १९४८ च्या कायद्याच्या ८५ व्या कलमाने अशा लहान जागेलाही कारखाना ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. अधिकार असणे आणि तो बजावणे यांत आपल्याकडे किती अंतर असते, ते आपण जाणताच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांत कारखान्याच्या व्याख्येतील दहाचा आकडा वीस झाला. दिवसाला आठ तासांची मर्यादा मात्र तेथेही लिहिलेली आहे. पण त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास संमती दिली. कामगाराची लेखी संमती घेऊन, जादा कामाचा मोबदला देऊन, वगैरे वगैरे. काही जण याचे समर्थन करताना सांगतात की बारा तास चार दिवस केले की तीन दिवस सुट्टी! मी इचलकरंजीचा माणूस आहे. या वाक्यातले बारा तास राहतील आणि चार दिवस विसरले जातील, हे मला ज्योतिषाला न विचारता कळते.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ सालापासून पाच दिवसांचा आठवडा आहे. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून आहे. त्याबद्दल मला मत्सर नाही. परंतु ज्यांनी तो घेतला त्यांनीच बारा तासांचा दिवस आपल्याला लवचीकपणा म्हणून समजावून सांगावा, हे जरा जड जाते.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ती कायद्याची नाही. ती येथे समोरच बसली आहे. तास कमी करा म्हटले की पहिला विरोध मालकाकडून येत नाही, कामगाराकडून येतो. सभेपूर्वी एका शेडमध्ये गेलो होतो. तेथील एक जण म्हणाला, "साहेब, चार तास कमी केले तर गावाकडं काय पाठवू?" या प्रश्नात मूर्खपणाचा लवलेश नाही. त्याची मजुरी मीटरवर आहे. पिकाप्रमाणे दर, दराप्रमाणे मीटर, मीटरप्रमाणे पैसे. तास हा शब्द त्याच्या हिशेबात कोठे लिहिलेलाच नाही. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून जो आला आहे, शेडच्याच कोपऱ्यात ज्याची वळकटी आहे, त्याला सुटल्यावर जायला घर नाही. त्याला चार तास अधिक मिळाले तर तो ते कोठे घेऊन जाणार? तास कमी करण्याची चळवळ मजुरीच्या दराला हात न लावता करणे म्हणजे उपाशी माणसाला विश्रांतीचे महत्त्व पटवून देणे होय.

म्हणून आपण हिशेब करू. आकडे गृहीत आहेत. तुमच्या दिवाणजीच्या वहीतले आकडे घालून ते घरी पुन्हा तपासा. साधा माग मिनिटाला १६० पीक मारतो असे धरू. ५२ पिकांचे पॉपलीन. एका मीटरला सुमारे २,०४७ पिके लागतात. माग क्षणभरही न थांबता चालला तर तासाला साधारण ४.७ मीटर कापड निघेल. पण तो थांबतो. तार तुटते, कांडी संपते, बीम उतरतो, जॉबरची वाट पाहावी लागते. बारा तासांत तो सत्तर टक्केच चालतो असे धरले तर एका मागावर पाळीला सुमारे ३९ मीटर निघतील. पाळी आठ तासांची केली, माणूस ताजा राहिला, माग ऐंशी टक्के चालला, तरी निघतील तीसच मीटर. म्हणजे कामगाराचे उत्पन्न चौथाईने घटेल. ते भरून काढायचे तर मीटरमागे दर ३१ टक्क्यांनी वाढवावा लागेल. विश्रांती मिळाली की माणूस आठ तासांत बाराचे काम करतो, असे कोणी व्यासपीठावरून सांगितले तर विश्वास ठेवू नका. माग त्याच्या गतीने चालतो, आपल्या उत्साहाने नव्हे.

पण एकदम आठवर उडी न मारता पाळी दहा तासांची केली तर? माग सत्याहत्तर टक्के चालेल असे धरू. ३६ मीटर निघतील. घट तीन मीटरांची. तेवढेच उत्पन्न टिकवायला दर नऊ टक्क्यांनी वाढवावा लागेल. समजा मीटरला मजुरी एक रुपया असेल, तर प्रश्न नऊ पैशांचा आहे. एका किलो सुतात हलके कापड आठ-दहा मीटर निघते असे धरा. सुताचा भाव किलोमागे एक रुपयाने हलला की कापडाचा खर्च मीटरमागे दहा-बारा पैशांनी हलतो. सुताच्या भावाचे असे हेलकावे हा धंदा निमूटपणे सोसतो. ते सोसताना धंदा बुडाला असे कोणी म्हणत नाही. नऊ पैशांनी मात्र तो बुडणार असतो!

ही भीती नवी नाही. इंग्लंडमध्ये १८३७ साली नासाऊ सीनियर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने गिरणीमालकांच्या वतीने असे सिद्ध करून दाखविले की सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासातच होतो. तो तास गेला की नफा गेला. दहा तासांचा कायदा १८४७ साली झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या त्यानंतरही कित्येक दशके जगाला कापड पुरवीत राहिल्या. पण मला कायद्यापेक्षा त्याआधीची एक घटना अधिक उपयोगाची वाटते. प्रेस्टन गावी रॉबर्ट गार्डनर या गिरणीमालकाने २० एप्रिल १८४४ पासून आपल्या दोन गिरण्यांचा दिवस बारा तासांवरून अकरा तासांवर आणला. सुमारे वर्षभराने त्याला आढळले की तेवढ्याच खर्चात तेवढाच माल निघतो आहे. विणकाम खात्यात मजुरी आपल्यासारखीच उक्त्यावर होती आणि तेथे यंत्राची गती वाढविलेली नव्हती. बारा तासांच्या दिवसात तेथील माणसाची आठवड्याची सरासरी मजुरी दहा शिलिंग दीड पेनी होती. अकरा तासांत ती दहा शिलिंग साडेतीन पेनी झाली. मार्क्सने ही नोंद फॅक्टरी निरीक्षकांच्या अहवालातून घेऊन 'कॅपिटल'मध्ये दिली आहे. ती दया नव्हती, हिशेब होता, आणि तो मालकाने स्वतःच्या वहीत केला. त्यातही एकच तास कमी झाला होता हे विसरू नका. एका तासापुरते माणसाच्या ताजेपणाने भरून निघते. पुढचे तास दर वाढवूनच मिळवावे लागतात.

मागवाले मित्र मला म्हणतील, हे सर्व ठीक, पण नऊ पैसे द्यायचे कोणी? मला खर्ची देणारा व्यापारी एक पैसा वाढवून देत नाही. मी वाढवून मागितले तर तो बीम शेजारच्या गल्लीत नेतो. हे शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणूनच एका शेडचा मालक कितीही सज्जन असला तरी तो एकट्याने पाळी कमी करू शकत नाही. माझ्या वडिलांनी एकदा रातपाळी दोन तास आधी सोडायला सुरुवात केली होती. कामगार आजारी होता, एवढेच कारण. कापड उशिरा जाऊ लागले आणि तिसऱ्या बीमाला व्यापाऱ्याचा निरोप आला. वडिलांनी पुन्हा बारा तास सुरू केले. तो कामगार पुढे गावी गेला, तो परतला नाही. वडील यावर कधी बोलले नाहीत. आईने सांगितले म्हणून मला ठाऊक.

तेव्हा पाळीचा प्रश्न मालक आणि कामगार या दोघांत सुटणारा नाही. मजुरीचा करार होतो तेव्हा टेबलाच्या दोन बाजूंना या दोघांच्या संघटना बसतात, मध्ये सरकारी अधिकारी बसतो. ज्याच्या मर्जीवर खर्चीचा दर ठरतो तो व्यापारी त्या खोलीत नसतोच. २०१३ सालच्या आरंभी येथील कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला. वाढ मिळाली, पण ती दराची. तासांचा उल्लेख नव्हता. पुढच्या कराराच्या वेळी तिसरी खुर्ची मांडा आणि तीत सूत देणाऱ्याला व कापड घेणाऱ्याला बसवा. करारात दराच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहा: पाळी दहा तासांची, आठवडा साठ तासांचा, आणि खर्चीचा दर त्या प्रमाणात. मी अठ्ठेचाळीस मागत नाही याबद्दल माझे काही सहकारी माझ्यावर रागावतील. त्यांना माझे सांगणे एवढेच की ज्या गावात १९११ चालू आहे तेथे निदान १९२२ आणू या.

दुसरी एक गोष्ट मागवाल्यांनी मनाशी तपासावी. कामगार मिळत नाही ही तुमची तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. गावातले पोरगे मागावर का येत नाही? ते कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत जाते, शिरोलीला जाते, गोकुळ शिरगावला जाते. तेथे तो राजा होतो असे नाही. पण तेथे आठ तासांची पाळी असते आणि संध्याकाळ असते. मागवाल्याचा स्वतःचा मुलगाही तिकडेच जातो, किंवा पुण्याला. ज्या धंद्यात मालकाचा मुलगा यायला तयार नाही, त्या धंद्याच्या कामाच्या तासांबद्दल मालकाने तरी शंका घ्यावी.

आणि तास कमी करणे अशक्य आहे असे तरी कसे म्हणता? मंदी आली की तुम्हीच एक पाळी बंद ठेवता. सूत महागले, मागणी पडली, की आठवड्यातून दोन दिवस माग बंद ठेवण्याची चर्चा सुरू होते. त्या दिवसांत आठवडा आपोआप लहान होतो. फक्त त्याचा सगळा खर्च कामगार सोसतो. छोटा आठवडा या गावाला अपरिचित नाही. तो आजवर शिक्षा म्हणून आला. करार म्हणून एकदाही आला नाही. तेजीत बहात्तर तास आणि मंदीत उपवास, यापेक्षा बारा महिने साठ तास हे मागधारकालाही सोयीचे होईल, कारण माल साचण्याचा वेग त्याने कमी होतो.

आवाजाबद्दल दोन शब्द. शेडबाहेर आलेला विणकर मोठ्याने बोलतो, हे आपण थट्टेवारी नेतो. कारखान्यात नव्वद डेसिबलपर्यंतचा आवाज कानाने किती वेळ सोसावा याची जी मर्यादा नियमांत आहे, ती आठ तासांची आहे. साध्या मागांच्या शेडमधील आवाज त्याच्या वर जातो, आणि आपण तेथे बारा तास उभे राहतो. गेलेला कान परत येत नाही. दराच्या कोणत्याही कराराने येत नाही.

शेवटी मी ज्यांच्याबद्दल बोलायला हवे होते आणि नेहमीप्रमाणे शेवटी बोलतो आहे, त्या कांडीवाल्या भगिनी. या सभेत त्या थोड्या दिसतात आणि मागे बसल्या आहेत. त्यांची पाळी सुटते तेव्हा दुसरी पाळी घरी सुरू होते, आणि आठवड्याची सुट्टी म्हणजे आठवड्याचे धुणे. त्यांचे तास कोठल्याच वहीत नसतात. पुष्कळदा त्या घरीच कांड्या भरतात, किलोवर. साठ तासांचा करार झाला आणि त्यात कांडी, वहिफणी, घडी, सायझिंग यांतले लोक नसले, तर तो अर्धा करार होईल. किलोचा आणि बीमाचा दरही त्याच प्रमाणात वाढला पाहिजे, हे मसुदा लिहिणाऱ्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

आज मी येथे ठराव मांडायला आलेलो नाही. माझी विनंती लहान आहे. इचलकरंजी सहकाराचे गाव आहे. येथे सहकारी सूतगिरणी उभी राहिली, सहकारी संस्थांनी शेड उभारल्या. अशा एखाद्या संस्थेने, किंवा खर्चीचे बंधन नसलेल्या, स्वतःचे सूत घेऊन स्वतःचे कापड विकणाऱ्या चार-दोन मागधारकांनी, सहा महिने दहा तासांची पाळी चालवून पाहावी. दर नऊ टक्के वाढवावा. रोजचे मीटर, तुटलेल्या तारा, डागी कापड, खाडे, वीजबिल, सगळे एका वहीत लिहावे आणि ती वही युनियनच्या कचेरीत आणि मागधारकांच्या संघटनेत, दोन्हीकडे उघडी ठेवावी. माझे सत्याहत्तर टक्के चुकले असतील तर वहीत दिसेल, आणि मी ते याच जागी येऊन कबूल करीन. वही ठेवायला कोण तयार आहे, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. रातपाळीवाल्यांनी थांबू नये. त्यांची झोप आधीच माझ्यामुळे तासभर कमी झाली आहे.